रक्ताच्या गोळीचं पथ्य आलं कुठून?

या गोळीला आपल्याकडे सगळेच ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हणतात. डॉक्टरही तसंच सांगतात, तेवढ्यावर काम भागतं. पण वॉरफरिन, किंवा आपल्याकडे हृदयाच्या झडपेच्या रुग्णांना बऱ्याचदा दिली जाणारी असिनोकुमरॉल, घेतल्याने रक्त काही पातळ होत नाही. ते गोठायला वेळ लागतो, इतकंच. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात आणि त्यांना के जीवनसत्त्व लागतं. ही गोळी शरीराला ते जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरू देत नाही. एवढं समजलं की डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं पथ्य नुसता धाक वाटत नाही.

या गोष्टीची सुरुवात गोठ्यात झाली. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत चांगली धडधाकट जनावरं शिंगं कापल्यावर किंवा खच्ची केल्यावर रक्त न थांबल्याने मरू लागली. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यकाने कारण शोधलं: ओलसर राहून बुरशी धरलेला स्वीट क्लोव्हरचा चारा. या वनस्पतीत कूमारिन असतं. वाळत्या चाऱ्याला गोड वास येतो तो त्याचाच. बुरशी लागली की त्यातूनच घातक पदार्थ तयार होतो.

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन हा शेतकरी हिमवादळात सुमारे ३०० किलोमीटर गाडी चालवत मॅडिसनला आला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि सुमारे ४५ किलो खराब चारा. तो पोचला जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत. लिंक त्याला एवढंच सांगू शकले की हा चारा बंद कर आणि जमलं तर आजारी जनावरांना दुसऱ्या जनावराचं रक्त दे. मला या सगळ्या इतिहासात तो रिकाम्या हाताने परत गेलेला माणूसच सर्वांत जास्त आठवतो. चाऱ्यातला पदार्थ, डायकूमारॉल, स्फटिकरूपात हाती यायला १९३९ साल उजाडलं.

त्याच काळात डेन्मार्कमध्ये हेन्रिक डाम या शास्त्रज्ञांना कोंबडीच्या पिलांमध्ये रक्तस्राव दिसला होता. खाद्यात जे कमी पडत होतं, त्याला त्यांनी ‘कोआगुलाट्सिओन’ म्हणजे गोठणं, या शब्दावरून के हे नाव दिलं. चाऱ्यातलं विष आणि हे जीवनसत्त्व एकमेकांच्या विरुद्ध काम करतात, हे पुढे स्पष्ट झालं. पालेभाजीत के जीवनसत्त्व भरपूर असतं. तिचं पथ्य इथून आलं, आणि ते बहुतेक घरांत चुकीचं पाळलं जातं. मेथी, पालक, कोथिंबीर बंद करायची नसते. रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं, कारण डोस त्या जेवणावर बेतलेला असतो. महिनाभर भाजी सोडून मग एकदम पोटभर पालक खाल्ला की रक्ततपासणीतला आकडा हलतो.

लिंक यांच्या प्रयोगशाळेतलंच आणखी एक संयुग १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं. संशोधनाला पैसा देणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून, वॉर्फ, त्याचं नाव वॉरफरिन पडलं. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने जीव द्यायला ते घेतलं. के जीवनसत्त्व आणि रक्त देऊन तो पूर्ण बरा झाला. उतारा आहे, हे त्यातून दिसलं. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर हेच औषध देण्यात आलं.

तपासणीची गोष्ट थोडी किचकट आहे. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, मोजायची पद्धत दिली. पण तिच्यात वापरायचं रसायन प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळं, म्हणून त्याच रक्ताचे आकडे वेगळे यायचे आणि डोस चुकायचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआरची, म्हणजे तो वेळ सगळीकडे एकाच मापात सांगणाऱ्या आकड्याची, पद्धत स्वीकारली तेव्हा कुठे एक भाषा मिळाली. बहुतेकांचं लक्ष्य २ ते ३. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आपल्याकडे यातले कितीतरी रुग्ण तरुण असतात. लहानपणी घसा दुखून संधिवाताचा ताप येतो, झडप खराब होते आणि धातूची झडप बसली की गोळी जन्मभराची. थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेली स्वदेशी झडप १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेली. झडप आवाक्यात आली, तरी गोळी सुटली नाही. म्हणून ही गोळी घेणाऱ्या मुलीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. वॉरफरिनने गर्भाला इजा होऊ शकते. अंगदुखीवर मेडिकलमधून आयब्युप्रोफेन आणणं, चुकलेल्या गोळीच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी दोन घेणं, काढा सुरू करून न सांगणं, हे सगळं टाळायला हवं. डोक्याला मार लागला किंवा शौच काळी झाली, तर थेट दवाखाना गाठायचा.

२०१०च्या सुमारास डॅबिगॅट्रान आणि तिच्या जोडीच्या नव्या गोळ्या आल्या. त्यांना नेहमीची आयएनआर तपासणी लागत नाही. पण धातूच्या झडपांवर डॅबिगॅट्रानचा अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावा लागला. २०२२ मध्ये संधिवाती झडपविकार आणि अनियमित ठोके असलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात जुन्याच गोळीवरचे लोक कमी दगावले. शेजारच्या काकांना नवी गोळी चालते म्हणून झडपेच्या रुग्णाने ती मागून घेऊ नये, ते यासाठी.