किमो नाही म्हणजे हात टेकले?

परवा काकूंचा फोन आला. काकांची उजवी किडनी दोन वर्षांपूर्वी काढली होती, आता फुप्फुसांत गाठी दिसल्या. "डॉक्टर किमोचं नावच काढत नाहीत गं. नुसत्या गोळ्या दिल्यात. त्यांनी हात टेकले म्हणायचे का?"

हा गैरसमज घरोघरी आहे. कॅन्सर म्हटला की किमो, आणि किमो नाही म्हणजे सगळं संपलं. पण किडनीचा नेहमी आढळणारा कॅन्सर किमोला फारशी दाद देत नाही. त्याच्यावर चालणाऱ्या गोळ्या वेगळ्या आहेत आणि त्यांच्यामागचं विज्ञान मला विलक्षण सुंदर वाटतं.

आपल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतोय हे कसं कळतं? पेशी 'हिफ' नावाचं प्रथिन सतत बनवते आणि सतत मोडूनही टाकते. ऑक्सिजन पुरेसा असला की एक विकर हिफमधल्या प्रोलिन या अमिनो आम्लावर ऑक्सिजनचा एक अणू बसवतं. ही झाली खूण. 'व्हीएचएल' नावाचं दुसरं प्रथिन ती खूण ओळखून हिफला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी अडकवतं, आणि साखळी लागलेलं हिफ काही मिनिटांत भंगारात जातं. ऑक्सिजन कमी असला की खूणच उमटत नाही. मग हिफ साठतं, केंद्रकात शिरतं आणि जनुकं चालू करतं. त्यांतल्या एका जनुकापासून 'व्हेजएफ' बनतं. हा नव्या रक्तवाहिन्यांना दिलेला सांगावा. लेहला गेल्यावर शरीर विरळ हवेशी जुळवून घेतं, त्यामागेही हेच हिफ असतं.

किडनीच्या कॅन्सरपैकी सुमारे तीन चतुर्थांश 'क्लिअर सेल' प्रकारचे असतात. त्यांतल्या बहुतेकांत तिसऱ्या गुणसूत्रावरचं व्हीएचएल जनुक बिघडलेलं असतं. खूण उमटते, पण ती वाचणारं कुणी नाही. भोवती भरपूर रक्त वाहत असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि रक्तवाहिन्या मागवत राहते. हे जनुक १९९३ मध्ये सापडलं. ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

काकांच्या गोळ्या व्हेजएफचा हा सांगावा अडवतात. अशी पहिली गोळी, सोराफेनिब, अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झाली. भारतात तिचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंट असलेलं औषध दुसऱ्या कंपनीला बनवू देणारा) दिला आणि तेच औषध ८,८८० रुपयांत मिळू लागलं. २०१५ पासून प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारी निव्होलुमॅबसारखी इंजेक्शनं आली. थेट हिफलाच अडवणारी बेल्झुटिफान ही गोळी अमेरिकेत २०२३ मध्ये पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी मंजूर झाली. ही औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत, पसरलेला आजार बहुतेकांत पुरता जातही नाही. पण काहींना वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवतात.

काकूंची दुसरी काळजी बीपीची. गोळ्या सुरू झाल्यावर ते चढलं. व्हेजएफ निरोगी रक्तवाहिन्यांनाही सैल ठेवतं, ते अडवलं की त्या आवळतात. म्हणून बीपी रोज मोजायचं, लिहून ठेवायचं, गरज पडली तर त्याचीही गोळी घ्यायची. तळपायांची आग होते, सालं निघतात. रोज रात्री काकू युरियाचं क्रीम लावतात, वर सुती मोजे चढवतात. काका म्हणतात, दिवसातली तेवढी दहा मिनिटं बरी जातात.

याच काळात घरी एका नातलगाने काढ्याची बाटली आणून दिली. एकच किडनी उरलेल्या माणसाला, घटक माहीत नसलेलं काहीही डॉक्टरांना न विचारता पाजणं धोक्याचं आहे, हे मी स्पष्ट सांगते. "मन खंबीर ठेवा, कॅन्सर पळेल" हेही बंद करा. गाठ वाढली तर त्या माणसाला वाटतं, आपणच कमी पडलो. त्याला घाबरायची मोकळीक हवी.

आधारासाठी पॅलिएटिव्ह, म्हणजे आजारातला त्रास हलका करणारा, विभाग असतो, आणि तो फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतो. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवरच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१०) सुरुवातीपासून अशी मदत मिळालेल्यांचं जगणं सुसह्य झालं, शिवाय ते जास्त काळ जगले. वेदना, भूक, झोप, भीती, पैशांची चिंता हे सगळं तिथे बोलता येतं.

काकूंनी शंभर पानी वही आणली आहे. डाव्या पानावर बीपी, उजव्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. काल त्यांनी पहिला प्रश्न फोनवर वाचून दाखवला: "पॅलिएटिव्ह विभाग कितव्या मजल्यावर?"