ओखा: बडोदेकरांचा लांबचा समुद्र

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांतून द्वारकेला जाणं जुनंच आहे. दर्शन आटोपल्यावर समुद्रासाठी म्हणून आणखी दोन दिवस थांबणं ही अलीकडची गोष्ट. पूर्वी ‘ओखा-बेट करून आलो’, म्हणजे ओख्याहून बोटीने बेट द्वारकेला जाऊन आलो, एवढं सांगितलं की यात्रा पुरी व्हायची. आता त्यात शिवराजपूरचं स्नॉर्केलिंग येतं, बेटावरच्या डनी पॉइंटचा तंबूतला मुक्कामही येतो.

ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा मुलूख, बडोद्याच्या गायकवाडीत कसं आलं, तिथल्या वाघेर जमातीची बंडं कशी झाली, हे इथे पुन्हा उगाळत नाही. १९२६ साली संस्थानाने ओख्याला मोठ्या जहाजांसाठी बंदर सुरू केलं, तिथून पुढचं बघू. संस्थानाची धाव मोठी होती. पण आडवं आलं वीरमगाम, काठियावाडातून ब्रिटिश मुलखात शिरतानाचं रेल्वे स्थानक. काठियावाडातल्या संस्थानी बंदरांवर उतरलेला माल रेल्वेने ब्रिटिश मुलखात शिरला की मुंबईच्या जकातीला खार लागायचा, म्हणून वीरमगामला जकातीची नाकाबंदी होती. त्रास व्यापाऱ्यांपुरता नव्हता. साध्या प्रवाशांच्या ट्रंका आणि वळकट्याही उघडल्या जात. त्यावर बरीच ओरड झाल्यावर १९१७ मध्ये ही नाकाबंदी उठली, आणि ओखा सुरू झाल्यावर वर्षभरातच, १९२७ मध्ये, पुन्हा बसली. महसुलाचं कारण खोटं नव्हतं, हे मान्य. पण बंदर आपल्या संस्थानाचं, राजधानी आपली, आणि दोहोंच्या मधे तिसऱ्याचा जकातदार, याला न्याय म्हणणं कठीण आहे. तेव्हाच्या बडोदेकराला ओखा नकाशावर आपला होता, वाटेवर नव्हता.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. जकात गेली, तरी वीरमगामला मीटरगेजच्या गाडीत बदलण्याची यातायात राहिलीच. पुढे ब्रॉडगेज आलं आणि सौराष्ट्र मेलमध्ये बडोद्याला बसून थेट ओख्याला उतरता येऊ लागलं. रस्त्याने हे अंतर पाचशे किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे शनिवार-रविवारची चैन ती नव्हेच. दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुटीतच जमतं.

किनाऱ्याचं भाग्य मात्र अगदी हल्ली उघडलं. द्वारका-ओखा रस्त्यावरच्या शिवराजपूरला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ किनाऱ्यांचं मानांकन मिळालं, म्हणजे पाण्याची तपासणी, कपडे बदलायच्या खोल्या, जीवरक्षक वगैरे. त्याआधी तिथे वाळू, दीपगृह आणि वारा एवढंच होतं. काहींना तेच बरं वाटायचं, आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत ओखा-बेट पूल खुला झाला, सुमारे सव्वादोन किलोमीटरचा. म्हाताऱ्या माणसांची मोठी सोय झाली. गच्च भरलेल्या फेरीबोटीत चढताना त्यांचा हात धरायला दोघे लागत. पण थंडीत त्याच बोटीच्या मागे कुरव पक्ष्यांचा थवा लागायचा, आणि पोरं हातातले गाठिये हवेत उडवायची. सुटीतली खरी मजा तेवढीच असायची. बोटवाल्यांचं गिऱ्हाईक पुलाने नेलं, आणि ओख्याचंही. बोटीची वाट बघत माणूस तिथे तासभर रेंगाळायचा, चहा घ्यायचा. आता मोटारी धक्क्याकडे न वळता सरळ पुलावर चढतात, आणि मुक्काम द्वारकेला होतो.