सकाळी ताप नाही म्हणून शाळेत पाठवायचं का?

गेल्या जुलैतली गोष्ट. आमची मुलगी तेव्हा दुसरीत. रात्री १०१ ताप होता, पॅरासिटामॉलचं सिरप दिलं, सकाळी उठली तर अंग गार, दूध प्यायली, बडबड सुरू, मग युनिफॉर्म चढवला आणि जाता जाता खबरदारी म्हणून अजून एक डोस पाजून व्हॅनमध्ये बसवलं. साडेअकराला शाळेतनं फोन, बाकावर डोकं ठेवून पडलीय, अंग चांगलंच तापलंय. सांगलीच्या विश्रामबागेतनं गाडी काढून शाळेत पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच आठवड्यात तिच्या वर्गातली चार मुलं आणि व्हॅनमधली दोघं तापानं पडली, ती हिच्यामुळंच असं ठामपणे म्हणता येत नाही, पण नाहीच असंही म्हणता येत नाही. तेव्हापासनं मी या विषयाच्या मागंच लागले.

पहिली गोष्ट कळली ती ही की आपण निर्णय घेतो ती वेळच फसवी असते. निरोगी माणसाचं तापमानसुद्धा दिवसभर एकसारखं नसतं, पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी चार ते सहाच्या सुमाराला सगळ्यात जास्त, फरक साधारण अर्धा डिग्री सेल्सिअस म्हणजे जवळपास १ डिग्री फॅरनहाइट. ताप आला तरी हे चक्र बहुतेक वेळा चालूच राहतं. म्हणून तर "दिवसभर बरा होता, तिन्हीसांजेला परत ताप भरला" असं घरोघरी ऐकू येतं. आणि आपण कपाळाला हात लावतो नेमकं सकाळी सात वाजता, पारा जिथं सगळ्यात खाली असतो तिथं.

त्यात भर पॅरासिटामॉलची. इन्फेक्शन झालं की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला, म्हणजे अंगाचं तापमान सांभाळणाऱ्या भागाला, सांगतं की आता तापमान वर ठेव. पॅरासिटामॉल हे रसायन तयार होणं कमी करतं, त्यामुळं पारा उतरतो, लेकराला बरं वाटतं, ते द्यायलाच पाहिजे. पण व्हायरसला त्यानं काहीही होत नाही. चार ते सहा तासांत डोस ओसरतो. सातला दिलेला डोस अकरा-साडेअकराला संपला, आणि मला फोनही तेव्हाच आला.

आपल्या सांगलीकरांना हे समजायला अवघड नाही. पावसाळ्यात आपण आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी बघतो तेव्हा नुसता सकाळचा एक आकडा बघून कुणी पुराच्या भीतीनं वर चढवलेलं सामान खाली आणत नाही. इथं लख्ख ऊन पडलेलं असतं, पण कोयना धरणातनं विसर्ग सुरू असेल तर पाणी चढणार हे ठाऊक असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं त्यानंतर तर आपण सगळे काल रात्री किती होतं, आत्ता किती आणि वरनं किती येतंय हे तिन्ही विचारतो. तापाचंही तसंच बघायचं.

डॉक्टर सांगतात तो नियम असा की १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप असेल तर घरी ठेवायचं, आणि तापाचं कुठलंही औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही तरच शाळा. हे २४ तास मला आधी उगाच ताणल्यासारखे वाटायचे. पण विचार करा, २४ तासांत एक अख्खी संध्याकाळ येते, म्हणजे तापाची जी खरी परीक्षेची वेळ ती पार पडते.

मोजायचं कसं? आमच्या सासूबाई हात लावून सांगतात, आणि त्यांनी "नाही" म्हटलं तर बहुतेक वेळा खरंच नसतो. "आहे" म्हटलं तर मात्र थर्मामीटर लावावा, कारण हाताला जरा जास्तच गरम लागतं. काखेत लावत असाल तर ते माप तोंडातल्यापेक्षा अर्धा-एक डिग्री फॅरनहाइट कमी येतं, हे लक्षात ठेवा.

आता सर्दी. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं अगदी नॉर्मल आहे, प्रत्येक सर्दी आठवडा-दहा दिवस आणि मागनं खोकला दोन-तीन आठवडे, म्हणजे प्रत्येक वेळी घरी ठेवायचं म्हटलं तर अर्धं वर्ष घरातच जाईल. शिवाय सर्दीचा व्हायरस नाक वाहायला लागायच्या आधीपासनंच पसरत असतो, त्यामुळं घरी बसवूनही वर्गाचा बचाव फारसा होत नाही. ताप नाही, जेवतंय, खेळतंय, श्वास नीट चाललाय, तर रुमाल देऊन खुशाल पाठवा. आणि शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक पाहिजेच हा समज सोडा. तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो, त्या लढायला आल्यात एवढंच त्यातनं कळतं. उवा झाल्या म्हणून पण शाळा बुडवायची गरज नाही, घरी आल्यावर उपचार सुरू करा.

उलटी-जुलाबाला मात्र कडक राहायचं. थांबल्यावरही पोरगं व्हायरस बाहेर टाकत असतं, म्हणून शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास थांबायला सांगतात. आणि इथं सॅनिटायझरवर विसंबू नका, उलटी-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरससारख्या व्हायरसना अल्कोहोल फारसं लागू पडत नाही, साबण आणि पाणीच पाहिजे.

अंगावर पुरळ आलं की आधी डॉक्टरला दाखवायचं. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, साधारण पाच-सहा दिवस. गावाकडं अजून काही जण "देवी आल्यात" म्हणतात आणि औषध देत नाहीत, पण देवीचा रोग आपल्या देशातनं १९७५ सालीच गेला, कांजिण्या हा वेगळा व्हायरस आहे. कांजिण्यात ॲस्पिरिन अजिबात नको, लिव्हर आणि मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो. गोवर तर त्याहून वेगानं पसरतो, लस न घेतलेल्या लोकांत एका रुग्णाकडनं १२ ते १८ जणांना होऊ शकतो, आणि पेशंट खोलीतनं गेल्यावरही हवेत दोन तासांपर्यंत व्हायरस राहतो. पुरळ आल्यापासनं चार दिवस घरी. लसीचे दोन्ही डोस झालेत का ते एकदा कार्ड काढून बघाच.

डोळे आले तर बघितल्यानं ते पसरत नाहीत, गॉगलनं थांबतही नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ होती तेव्हा ती हातानं, टॉवेलनं, उशीनं पसरत होती. लहान पोरं डोळे चोळल्याशिवाय राहत नाहीत, म्हणून पाणी गळायचं थांबेपर्यंत घरीच बरी.

सगळ्यात जास्त काळजीनं लिहावंसं वाटतं ते डेंग्यूबद्दल. डेंग्यू एका पोराकडनं दुसऱ्याला थेट होत नाही, मधे डास लागतो, त्यामुळं वर्गाची भीती नाही. पण यात वरचा २४ तासांचा नियम पुरत नाही. इतर तापात पारा उतरला की धोका टळला म्हणतो, डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि नेमके तेव्हाचे पुढचे एक-दोन दिवस सगळ्यात नाजूक असतात, रक्तवाहिन्यांतनं पाणी बाहेर झिरपायला लागतं, बीपी खाली जाऊ शकतो. म्हणजे आपण "उतरला बाबा ताप" म्हणून दप्तर भरतो त्याच दिवशी मूल आपल्या नजरेसमोर पाहिजे. पोट खूप दुखणं, सारखी उलटी, हिरड्यातनं किंवा नाकातनं रक्त, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्रीच मिरजेला नाहीतर जवळच्या दवाखान्यात न्या. आणि तापात पोरगं दिवसा झोपलं तरी मच्छरदाणी लावा, हा डास जास्त करून दिवसाच चावतो, आणि पेशंटला चावलेला डास नंतर घरातल्या दुसऱ्याला आजारी पाडतो.

एक गोष्ट शाळांना पण सांगायचीय. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. ताप असतानाही "मला जायचंच आहे" म्हणून रडणारी मुलं मी बघितलीत, आणि त्यांचं मन मोडवत नाही म्हणून पाठवणारे आईबाप पण. ज्या घरात दोघंही कामाला जातात, रजा घेतली की दिवसाचा पगार जातो, त्यांना तर घरी ठेवणं खरंच परवडत नाही, त्यांच्यावर बोट दाखवायचा मला काही हक्क नाही. आमच्या गल्लीत आम्ही तिघी-चौघींनी ठरवलंय, ज्या घरात कुणी मोठं माणूस असेल तिथं बरं होत आलेलं लेकरू दिवसभर ठेवायचं, डबा त्याच्या आईनं द्यायचा.

आणि व्हॅनच्या काकांना फोन मी आता आदल्या रात्रीच करते, संध्याकाळी शंभरच्या वर गेला की "उद्या येत नाही" म्हणून. सकाळी ती कितीही टुणटुणीत दिसली तरी.