संलग्न भूक्षेत्रनिवड

जमिनीच्या असंख्य तुकड्यांमधून, ठरलेल्या खर्चात बसणारे आणि एकमेकांना लागून असलेले तुकडे गणिताने निवडण्याची पद्धत. वन्यप्राण्यांचे भ्रमणमार्ग आखताना, वृक्षतोडीचे पट्टे किंवा वणवा रोखण्यासाठी झाडोरा विरळ करण्याच्या जागा ठरवताना ती वापरतात.

खरी मेख ‘लागून असलेले’ या अटीत आहे. ती नसेल तर कमी पैशांत जास्त लाभ देणारे तुकडे उचलत गेले तरी बऱ्यापैकी भागते; पण हाती येतात ते नकाशावर विखुरलेले ठिपके. दोनच ठिकाणे जोडायची असतील, तर डायक्स्ट्रा यांची १९५९ची लघुतम मार्गाची रीत पुरते. ठिकाणे वाढत गेली की प्रश्न ‘श्टायनर वृक्षा’चा, म्हणजे ती सगळी कमीत कमी खर्चात जोडणारे जाळे शोधण्याचा होतो. संगणकशास्त्रज्ञ कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेल्या २१ अवघड प्रश्नांच्या यादीत तो आहे.

संलग्नता समीकरणात बसवण्याची एक युक्ती प्रवाहाची. निवडलेल्या एका तुकड्यात पाणी सोडले, प्रत्येक निवडलेला तुकडा एक-एक माप पाणी शोषतो आणि न निवडलेल्यातून थेंबही जात नाही, असे मानायचे. सगळ्यांना पाणी पोचले तरच क्षेत्र अखंड. संरक्षित क्षेत्रे निवडणारी ‘मार्क्सन’ ही प्रसिद्ध संगणकप्रणाली अशी हमी देत नाही. ती सीमारेषेच्या लांबीवर दंड लावते, त्यामुळे तुकडे गोळा होतात, पण असे दोन पुंजके एकमेकांपासून तुटलेले राहू शकतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीतील संरक्षित क्षेत्रांची फेरआखणी करताना तिची मदत झाली होती. २००४ मध्ये तिथले मासेमारीबंदी क्षेत्र सुमारे ५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेले.

अमेरिकेत यलोस्टोन, सॅमन-सेलवे आणि नॉर्दर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड हे तीन प्रदेश ग्रिझली अस्वलांसाठी जोडण्याचा प्रश्न कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी अभ्यासला. त्यात सरकारी जमीन फुकट धरली होती. तुकडा म्हणून अख्खी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घेतली तर किंमत अवाच्या सवा होते. त्याऐवजी नकाशावर चौकटी आखून त्या बारीक केल्या की मार्ग खासगी कुरणे टाळून सरकारी जंगलातून वळणे घेत जातो आणि खर्च झपाट्याने उतरतो. मात्र चौकटी हजारोंनी वाढतात आणि गणित जड होते. शिवाय स्वस्तातला मार्ग बारीक दोऱ्यासारखा निघतो; रुंदीची किमान अट वेगळी घालावीच लागते.

भारतात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१४ मध्ये वाघांचे ३२ प्रमुख भ्रमणमार्ग नकाशावर आणले, कान्हा-पेंच त्यांपैकीच. वाघाला कुठून जाणे सोपे पडेल, याचा तो अंदाज आहे. मर्यादित निधीत कोणते सर्व्हे नंबर आधी राखावेत, हा निवडीचा प्रश्न त्यानंतरचा.