‘एलओएल’ची भांडणे आणि मराठीतले ‘दिवे’

ऑनलाइन गप्पांत शब्दांवरून नेहमीच जुंपते, पण ‘एलओएल’ने जेवढी मजा आणली तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाने आणली असेल. कुणासाठी तो ‘लाफ आउट लाउड’, म्हणजे खदखदून हसणे. कुणासाठी ‘लॉट्स ऑफ लव्ह’, म्हणजे खूप खूप प्रेम. नातेवाईक वारल्याचा निरोप पाठवताना आईने शेवटी मायेने ‘एलओएल’ लिहिले, हा विनोद याच घोळावर उभा आहे आणि नाना रूपांत फिरून आला आहे. त्यात हसे होते ते नेहमी आईचे. मला ते पटत नाही, कारण तिचा अर्थ तिच्या वर्तुळात रुळलेलाच होता.

या घोळात बडी माणसेही सापडली. ब्रिटनमधील वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या लेव्हसन समितीपुढे मे २०१२ मध्ये माजी संपादक रिबेका ब्रुक्स यांची साक्ष झाली. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आपल्याला पाठवलेल्या संदेशांखाली कधीकधी ‘एलओएल’ लिहीत, ते ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून; त्याचा अर्थ हसणे असा होतो हे आपण सांगितल्यावर त्यांनी ते थांबवले, असे ब्रुक्स यांनी सांगितले.

शब्दाची मुळे शोधू गेले तर तिसराच अर्थ हाती लागतो. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने मार्च २०११ मध्ये ‘एलओएल’ला जागा दिली, तेव्हा १९६० मधला एक वापरही नोंदवला: ‘लिटल ओल्ड लेडी’, म्हणजे म्हातारी आजीबाई. हसण्याच्या अर्थाचा माग १९८९ पर्यंत, ‘फिडोन्यूज’ या संगणकप्रेमींच्या वार्तापत्रापर्यंत जातो. त्याच सुमारास ‘ओएमजी’ही, म्हणजे ‘ओ माय गॉड’, कोशात आले आणि त्याचा उगम सगळ्यांना चकित करणारा निघाला. ब्रिटिश आरमाराचे निवृत्त प्रमुख लॉर्ड फिशर यांनी १९१७ मध्ये विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते आहे, कंसात पूर्ण रूप देऊन! लघुरूपे म्हणजे हल्लीच्या पोरांचे खूळ, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र जरूर आठवावे.

गरज मात्र खरी होती. टाइप केलेल्या बोलण्यात ना चेहरा दिसतो ना आवाज ऐकू येतो. चेष्टा कुठली आणि टोमणा कुठला, हे कळणार कसे? याच अडचणीवर तोडगा म्हणून अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या स्कॉट फाहलमन यांनी सप्टेंबर १९८२ मध्ये विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम चिन्ह, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला. ‘एलओएल’ त्याच कामाला जुंपले गेले. हळूहळू त्यातले हसणे विरत गेले. भाषातज्ज्ञ जॉन मॅक्वॉर्टर यांनी २०१३ मध्ये मांडले की आता तो हसण्याचा शब्द राहिलेला नाही. ‘आपण एकमेकांना समजून घेतोय’ एवढेच तो सुचवतो. आपण ‘बरं का’ किंवा ‘हं’ म्हणतो, तसा. फेसबुकने २०१५ मध्ये आपल्या पोस्ट आणि प्रतिसादांतले हसणे तपासले, तेव्हा ‘हाहा’चा वाटा निम्म्याहून थोडा जास्त निघाला आणि ‘एलओएल’चा जेमतेम १.९ टक्के.

इतर भाषांनी आपापली सोय केली. थाई लोक ‘५५५’ लिहितात, कारण थाईत पाच म्हणजे ‘हा’. जपानीत हसण्याच्या शब्दाचे रोमन आद्याक्षर ‘डब्ल्यू’ ओळीने लिहीत गेले, ती रांग गवतासारखी दिसू लागली, आणि आता नुसते ‘गवत’ लिहिले तरी हसू समजते.

मराठीची वाट आधी तांत्रिक अडचणीतून गेली. मोबाइलच्या एका एसएमएसमध्ये १६० रोमन अक्षरे मावत, देवनागरी लिहिली की मर्यादा ७० वर येई. काना, मात्रा, वेलांटीही त्यात वेगळ्या मोजल्या जात. त्यामुळे मराठी बराच काळ रोमन लिपीत कोंबली गेली. पण देवनागरीत टाइप करणे सोपे झाले तशी मराठी आंतरजालावर अस्सल देशी लघुरूपे फोफावली. ‘हहपुवा’ म्हणजे हसून हसून पुरे वाट. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. नवख्याला ते एखाद्याचे नाव वाटावे. ‘पुभाप्र’ म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

या सगळ्यांत माझा सर्वांत लाडका प्रयोग म्हणजे ‘दिवे घ्या’. चेष्टा करून झाल्यावर ‘हलके घ्या’ म्हणायची पद्धत होतीच, तिचे ‘ह. घ्या’ही झाले होते. त्याचेच इंग्रजी वळण ‘लाइट घ्या’. कुणीतरी ‘लाइट’चा दुसरा अर्थ पकडला आणि ‘दिवे घ्या’ रूढ झाले. वाक्याच्या शेवटी दिव्याचे चित्र टाकले तरी काम भागू लागले. गंमत अशी की मराठीत ‘काय दिवे लावलेस!’ हा वाक्प्रचार आधीपासून होता, आणि तो कौतुकाचा नव्हे. त्यामुळे कुणी ‘दिवे घ्या’ म्हणताच समोरचा ‘तुम्ही लावलेत ते पुरेत’ म्हणायला मोकळा. इंग्रजीतली कोटी आणि मराठीतला टोमणा एकाच ओळीत भेटतात, आणि दोन्ही भाषा ज्याच्या अंगवळणी आहेत त्यालाच तो आनंद मिळतो. हे वरून कुणी ठरवून दिलेले नाही; रात्री उशिरापर्यंत रंगलेल्या थट्टेतून ते आले आहे, आणि कोशात नोंद झाली नाही तरी मला ते मराठीचेच धन वाटते.

ही थट्टा आता चित्रांवर सरकली आहे. आनंदाश्रूंसह हसणाऱ्या चेहऱ्याला ऑक्सफर्डने २०१५ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हटले. काही वर्षांतच तरुण मंडळींनी तो चेहरा आई-बाबांचा ठरवून टाकला आणि ‘हसून मेलो’ या अर्थी कवटी वापरायला सुरुवात केली. ‘अगं, कवटी कशाला पाठवलीस?’ असे विचारणाऱ्या मावशीला तिचा अर्थ समजावून सांगण्याचे काम सध्या घरोघरच्या गटांत चालू आहे.