कर्नल-युजरस्पेस नेटवर्क ड्रायव्हरमधील मोठी पॅकेटे

नेटवर्क कार्डाचा ताबा कर्नलऐवजी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याऐवजी, युजरस्पेसमधल्या (कर्नलबाहेर चालणाऱ्या) एखाद्या अनुप्रयोगाकडे असतो, तेव्हा त्या अनुप्रयोगातून लिनक्स कर्नलकडे आणि कर्नलकडून परत पॅकेटे पोचवणारा एक पूल-ड्रायव्हर लागतो. त्यातून १५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेटे सुखरूप नेण्याची ही व्यवस्था. डीपीडीके या, कर्नलला वगळून अनुप्रयोगातूनच पॅकेटे हाताळणाऱ्या संचातला केएनआय (आता काढून टाकलेला), लिनक्समधला टॅप (आभासी नेटवर्क कार्ड) आणि व्हर्चिओ-युजर व व्होस्ट-नेट यांची जोडी (आभासी यंत्रांसाठीच्या व्हर्चिओ पद्धतीवरची) हे अशा पुलांचे परिचित प्रकार होत.

१५०० हा आकडा फक्त आतल्या मजकुराचा, म्हणजे एमटीयूचा (एका पॅकेटात मावणाऱ्या कमाल मजकुराचा). त्यात इथरनेट हेडरचे १४ आणि सीआरसीचे (चूक ओळखण्यासाठीच्या तपासणी-आकड्याचे) ४ बाइट मिळवले की फ्रेम १५१८ बाइटची होते. व्हीलॅनचा (आभासी उपजाळ्याचा) टॅग असेल तर १५२२. ‘जंबो’ म्हणून रूढ झालेला ९००० हा एमटीयू आयईईईच्या मानकात नाही, तो उत्पादकांमधला संकेत आहे. त्याचा फायदा पॅकेटांच्या संख्येत दिसतो. १० गिगाबिटची वाहिनी पूर्ण भरली, तर १५०० एमटीयूवर सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार पॅकेटे हाताळावी लागतात, ९००० वर सुमारे १ लाख ३८ हजार. प्रत्येक पॅकेटामागचा ठरावीक खर्च तितक्या प्रमाणात घटतो.

एमटीयू वाढवणे ही एका कमांडची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात मर्यादा ठरते ती वाटेतल्या सर्वांत लहान बफरवर (पॅकेट तात्पुरते ठेवण्याच्या जागेवर), आणि तो बफर बहुधा युजरस्पेसच्या बाजूला दडलेला असतो. डीपीडीकेमध्ये पॅकेट ज्या एमबफ नावाच्या बफरमध्ये उतरते, त्याची नेहमीची जागा २१७६ बाइट: पुढे राखीव १२८ आणि प्रत्यक्ष माहितीसाठी २०४८. सीआरसी काढलेली ९०१४ बाइटची फ्रेम त्यात मावत नाही, म्हणून कार्ड ती पाच एमबफच्या साखळीत उतरवते. त्यासाठी ‘स्कॅटर’ सुविधा चालू असावी लागते.

केएनआयमधली खरी मेख दिशेची आहे. अनुप्रयोगाकडून कर्नलकडे जाताना ड्रायव्हर साखळीतला एकेक तुकडा कर्नलच्या एसकेबी या पॅकेट-बफरमध्ये उतरवतो, तेव्हा साखळी चालते. उलट दिशेला मात्र कर्नलचे पॅकेट एकाच एमबफमध्ये मावलेच पाहिजे. एसकेबीची लांबी जोडणी उभारताना दिलेल्या एमबफच्या मापापेक्षा जास्त भरली, की ड्रायव्हर ते पॅकेट मुकाट्याने टाकून देतो आणि सोडलेल्या पॅकेटांचा आकडा एकाने वाढवतो. बाहेरून आलेला मोठा पिंग आत पोचतो, उत्तर मात्र बाहेर पडत नाही. पॅकेटे टिपून दाखवणाऱ्या टीसीपीडंपवर विसंबलात तर फसाल: त्याची खिडकी ड्रायव्हरच्या आधी आहे, त्यामुळे उत्तर गेल्याचे दिसते. पाहायचे ते ‘आयपी’ कमांडच्या आकडेवारीतल्या पाठवणीच्या बाजूचे ‘ड्रॉप्ड’.

साखळी टाळायची तर एमबफच मोठे घ्यावे. इथे १ किलोबाइटच्या पटीचे भान हवे. इंटेलच्या ८२५९९ सारख्या कार्डात बफरचे माप १०२४ च्या पटीत लिहिले जाते आणि ड्रायव्हर ते खालच्या पटीला उतरवतो. ९०२२ बाइट जागा दिली तर कार्ड ८१९२ च धरते आणि पुन्हा साखळी सुरू होते. म्हणून ९२१६ अधिक १२८, म्हणजे ९३४४ बाइट हे सोयीचे माप. ८१९२ एमबफच्या साठ्याला आधी सुमारे १७ एमबी लागत, आता सुमारे ७३ एमबी लागतात. ह्यूजपेजेस (मेमरीची मोठ्या मापाची पाने) त्या हिशेबाने राखून ठेवावीत. पूल उभारताना सांगितलेले माप आणि साठ्यातली खरी जागा जुळते ना, हे दोनदा तपासावे. माप फुगवून सांगितले तर ड्रायव्हर विश्वासाने शेजारच्या एमबफवर लिहितो, आणि बिघाड भलत्याच ठिकाणी उमटतो.

कर्नलच्या बाजूला दुसरे कुलूप आहे. कर्नल ४.१० पासून (२०१७) प्रत्येक नेटवर्क उपकरणाला किमान व कमाल एमटीयू असतो. इथरनेटची नेहमीची मांडणी वापरणाऱ्या ड्रायव्हरला आपोआप ६८ आणि १५०० मिळतात. ड्रायव्हरने कमाल मर्यादा स्वतः वाढवली नसेल, तर ९००० ची मागणी कर्नल परस्पर नाकारतो. ड्रायव्हरला विचारतही नाही. ‘आयपी लिंक’च्या तपशीलवार यादीत दोन्ही मर्यादा दिसतात. केएनआयमध्ये एमटीयू बदलाची विनंती पुढे अनुप्रयोगाकडे जाते आणि ३ सेकंदांत उत्तर यावे लागते. अनुप्रयोग आपल्या मुख्य चक्रात विनंत्या तपासत नसेल, तर बदल फसतो. कर्नलला ९००० बाइट सलग हवे असतील, तर ४ केबीची चार पाने एकत्र लागतात. महिनोन्महिने चालू असलेल्या, मेमरी विखुरलेल्या यंत्रावर ती मिळतीलच असे नाही.

वाढवताना क्रम असा: आधी स्विच, मग कार्ड व एमबफचा साठा, मग पुलाचे माप आणि सगळ्यांत शेवटी कर्नलमधला एमटीयू. कमी करताना उलट. क्रम चुकला की टीसीपीची जोडणी होते, कारण सुरुवातीची पॅकेटे छोटी असतात. पहिली मोठी माहिती जाताच सगळे गोठते. पॅकेट राउटरने नव्हे तर ड्रायव्हरने टाकलेले असल्यामुळे ‘तुकडे करा’ असा आयसीएमपी (जाळ्यातल्या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) निरोपही येत नाही. पडताळणीसाठी पिंगला तुकडे करण्याची मनाई करून ८९७२ बाइटचा मजकूर पाठवावा: ९००० वजा आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८. ही परीक्षा दोन्ही टोकांकडून घ्यावी.

मराठवाड्यात या विषयाची दोन टोके दिसतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या, ४ किलोमीटर लांबीच्या भुजांच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. अखंड वाहणारी मोजमापे दूरच्या संगणककेंद्रांकडे नेणे हे जंबो फ्रेमचे हक्काचे काम. दुसऱ्या टोकाला लातूर, बीड किंवा परभणीतला एखादा छोटा इंटरनेट पुरवठादार असतो. तो पीपीपीओई (ग्राहकाची ओळख पटवून इथरनेटवरून दिलेल्या) जोडण्या साध्या सर्व्हरवर उतरवून घेत असेल, तर ८ बाइटच्या हेडरमुळे ग्राहकाला १४९२ च मिळतात. पूर्ण १५०० द्यायचे तर खालच्या इथरनेटला १५०८ हवेत (आरएफसी ४६३८), आणि ग्राहकाच्या राउटरनेही ते मान्य करायला हवे. १५०८ ची फ्रेम, दोन व्हीलॅन टॅग धरूनही, १५३४ बाइटची. २०४८ च्या एमबफमध्ये ती आरामात बसते. अडते ते केवळ कर्नलच्या १५०० या कमाल मर्यादेपाशी. तेवढ्यासाठी ९००० चा घाट घालू नये.

नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला हे सारे कार्डाशिवायही करून पाहता येते. टॅप उपकरण ६५,५२१ पर्यंत एमटीयू घेते. त्यातून एका वेळच्या वाचनात एकच पॅकेट मिळते आणि बफर अपुरा असेल तर उरलेले कापले जाते, हे ध्यानात ठेवावे. व्हर्चिओचे हेडर आणि टीसीपीचे तुकडे पुढे करण्याची सुविधा (ऑफलोड) चालू केली, की तारेवरचा एमटीयू १५०० ठेवूनही कर्नल सुमारे ६४ केबीचे टीसीपीचे गाठोडे एकदम हवाली करतो. तुकडे पुढे होतात. एएफ-एक्सडीपी या, पॅकेटे थेट अनुप्रयोगाकडे नेणाऱ्या लिनक्सच्या सुविधेत एक चौकट सामान्यतः ४०९६ बाइटपर्यंतची. अनेक चौकटींतून एक पॅकेट नेण्याची सोय कर्नल ६.६ मध्ये आली.

केएनआय डीपीडीकेच्या २३.११ आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. नव्या कामासाठी व्हर्चिओ-युजर घ्यावा. जुन्या केएनआय-आधारित यंत्रणा सांभाळणाऱ्यांना वरची मापे अजून लागतील.