जुन्या गॅस ग्रिलचे सुटे भाग निवडताना

वेबर या अमेरिकी कंपनीने जेनेसिस हे गॅस ग्रिल (घराबाहेर अन्न भाजायची गॅसची शेगडी) १९८५ मध्ये बाजारात आणले. त्या पिढीतली बरीच ग्रिल अमेरिकेतल्या परसांत अजून उभी आहेत, आणि घर बदलणारी माणसे ती नाममात्र किमतीला, कधी फुकटही देऊन टाकतात. घ्यावीत का? बर्नर ज्यात बसतात ती खालची पेटी शाबूत असेल तर खुशाल घ्यावीत. ही पेटी ओतीव ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे लोखंडासारखी गंजून खलास होत नाही. मात्र ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याचे मिश्रधातू त्याच्याही आधी. म्हणून कधीकाळी आत चरबीने पेट घेतला असेल तर तळ वाकलेला किंवा भोक पडलेला सापडतो. तसे दिसले तर सौदा सोडून द्यावा; बाकी बहुतेक सगळे विकत मिळते. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटत असतील तर घाबरायचे कारण नाही. तो रंग नसतो, चरबीच्या धुराची साचलेली काजळी असते आणि प्लास्टिकच्या खरवडणीने निघून येते.

खरी फसगत भाग मागवताना होते. ‘जेनेसिस ई-३१०’ एवढे नाव पुरेसे वाटते, पण याच नावाची दोन वेगळी ग्रिल आहेत. २०११ च्या आधीच्यात नॉब उजव्या बाजूच्या फळीवर आहेत, बर्नर आडवे आहेत आणि बर्नरवरच्या पत्र्याच्या पट्ट्या २४.५ इंच लांब आहेत. २०११ पासून नॉब समोर आले, बर्नर पुढून मागे जाणारे झाले आणि पट्ट्या १७.५ इंचांच्या झाल्या. त्याहून जुन्या जेनेसिस सिल्व्हरमध्ये ए मॉडेलला २१.५ इंच आणि बी-सी मॉडेलना २२.५ इंच लागतात. एक इंच आखूड पट्टी कडेच्या आधारावरून सटकून थेट बर्नरवर पडते. म्हणून आधी अनुक्रमांकाची पट्टी शोधावी (त्यातल्या सुरुवातीच्या अक्षरांवरून उत्पादनाचे वर्ष कळते), मग नॉब कुठे आहेत ते पाहावे आणि शेवटी जुना भाग टेपने मोजावा. जाहिरातीतल्या ‘सर्व मॉडेलना बसेल’ या वाक्याला काडीची किंमत देऊ नये.

बर्नरच्या बाबतीत लांबी जुळली म्हणजे काम झाले असे नाही. व्हॉल्व्हच्या टोकाला पितळी जेट असते आणि त्याला बारीक भोक. ताशी १२,००० बीटीयूच्या, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅटच्या बर्नरला प्रोपेनसाठी (अमेरिकेत ग्रिलच्या टाकीत भरतात तो गॅस) हे भोक साधारण १ मिमीचे लागते. त्यातून गॅस सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने सुटतो आणि बर्नरच्या तोंडातून आजूबाजूची हवा स्वतःबरोबर ओढून नेतो. एक लिटर प्रोपेन पुरते जळायला जवळजवळ २४ लिटर हवा लागते. त्यातला मोठा वाटा इथेच मिसळावा लागतो, उरलेली हवा ज्योतीला बाहेरून मिळते. जेट बर्नरच्या तोंडात नीट मध्यभागी शिरले नाही, किंवा तोंडाचा व्यास निराळा निघाला, तर हवा कमी पडते. मग ज्योत पिवळी आणि लांब होते, जाळीवर काजळी धरते. तोंड जेटपर्यंत पोचतच नसेल तर गॅस नॉबच्या मागच्या खणात सांडतो आणि आग तिथे लागते. बसवल्यावर वाकून बघावे: प्रत्येक जेट आपापल्या नळीत काही मिलिमीटर आत शिरलेले दिसले पाहिजे.

बर्नरच्या अंगावरची भोके लहान का असतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. ज्योत नेहमी गॅस-हवेच्या मिश्रणाकडे, म्हणजे नळीच्या आत सरकायला बघते. प्रोपेनची ज्योत सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते. तिला दोन गोष्टी अडवतात: बाहेर येणाऱ्या मिश्रणाचा त्याहून जास्त वेग आणि भोकाच्या कडांचा तुलनेने थंड धातू. ज्योतीची उष्णता धातू शोषून घेतो, आणि सुमारे २ मिमीपेक्षा अरुंद वाटेतून प्रोपेनची ज्योत सहसा मागे जाऊ शकत नाही. गंजाने दोन भोकांमधला पत्रा खाल्ला आणि त्यांची मिळून एक फट झाली की दोन्ही अडसर एकदम जातात. आच मंद केली की ‘फट्’ असा आवाज होतो, ज्योत दिसेनाशी होते आणि नळीच्या आत, जेटपाशी जळू लागते. असा बर्नर डागडुजी न करता बदलावा. चांगल्या बर्नरची भोके साफ करतानाही ड्रिल बिट घालू नये, त्याने ती मोठी होतात. तारेचा ब्रश नळीवर आडवा फिरवला की पुरे.

नळीचे तोंड आतून साफ करायला मात्र विसरू नये. कोळ्यांना ही जागा फार आवडते. माझदाने २०११ मध्ये अमेरिकेत गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण पिवळा कोळी पेट्रोलच्या टाकीच्या हवानळीत जाळे विणत होता. ग्रिलमध्ये तेच जाळे हवा अडवते आणि ज्योत उलटी जेटकडे येते. म्हणून नवा बर्नर घेताना तोंडावर बारीक जाळीचे टोपण असलेलाच घ्यावा.

जेट आणि व्हॉल्व्हच्या बाबतीत तडजोड नको. जेटचे भोक सुईने टोकरून व्यास दहा टक्के वाढला तरी क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते, गॅसही तितकाच. त्याहून मोठा घोळ नैसर्गिक वायूवरच्या ग्रिलचा होतो. त्या वायूत प्रति घनमीटर उष्णता प्रोपेनच्या निम्म्याहून कमी आणि दाबही कमी, म्हणून जेटची भोके मोठी. तसे ग्रिल चुकून प्रोपेनच्या टाकीला जोडले तर आच दुप्पट-अडीचपट होते. खरेदीच्या आधीच मागची नळी पाहावी: टाकीला बसणारा रेग्युलेटर नसेल आणि भिंतीतल्या पाइपला जोडायचे तोंड असेल तर ते नैसर्गिक वायूचे. व्हॉल्व्ह-जेट-रेग्युलेटर हा सगळा संच प्रोपेनचा मिळत असेल तरच ते घेण्यात अर्थ आहे.

रेग्युलेटरमध्ये बिघाड नसताना तो बदलणारे पुष्कळ. टाकीला बसणाऱ्या मोठ्या प्लास्टिक नटच्या जोडणीत गॅस अचानक सुटला तर प्रवाह आवळणारी यंत्रणा असते. नॉब आधी उघडा ठेवून टाकी भसकन उघडली की तिला नळी फुटल्यासारखे वाटते, ती गॅस आवळते आणि ग्रिल जेमतेम कोमट होते. सगळे बंद करावे, नट सोडवावा, मिनिटभर थांबावे, पुन्हा जोडावे, नॉब बंद ठेवून टाकी सावकाश उघडावी. तरीही आच चढली नाही तर रेग्युलेटर नळीसकट बदलावा. पितळी, उलट्या आट्यांची जुनी जोडणी मात्र चालत असली तरी काढून टाकावी. टाकीसुद्धा जुनी असेल तर तिच्या व्हॉल्व्हची चावी पाहावी: त्रिकोणी चावी ही जास्त भरणे रोखणाऱ्या व्हॉल्व्हची खूण. २००२ पासून तो नसलेली टाकी अमेरिकेत भरून मिळत नाही.

आता पट्ट्या आणि जाळ्या. इथे स्टेनलेस या शब्दाखाली काहीही खपते. ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ४३० मध्ये क्रोमियम जवळपास तेवढेच, निकेल नाही, म्हणून ते स्वस्त आणि मीठ-चरबीच्या माऱ्यापुढे लवकर डागाळणारे. लोहचुंबक लावून पाहा, असे सगळे सांगतात. ४३० ला चुंबक चिकटतो, ३०४ ला नाही, इथवर ठीक. पण पत्रा दुमडला की ३०४ सुद्धा त्या घडीपाशी थोडे चुंबकीय होते, म्हणून परीक्षा सपाट भागावर करायची. आणि निकेलऐवजी मँगनीज भरलेले २०१ हेही चुंबकाला दाद देत नाही, तेव्हा चुंबक न चिकटणे हा ३०४ चा पुरावा नव्हे. जात छापील स्वरूपात सांगणाऱ्याकडूनच घ्यावे आणि जाडी विचारावी. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड: १६ गेज सुमारे १.६ मिमी, १८ गेज १.३ मिमीच्या आसपास. एनॅमल चढवलेल्या पट्ट्या स्वस्त असतात, पण एकदा टवका उडाला की गंज तिथूनच आत शिरतो.

जाळी बीडाची घ्यावी की ३०४ च्या सळ्यांची, हा निम्मा आवडीचा प्रश्न. भाजल्याचे पट्टे उमटतात ते जाळीत साठलेल्या उष्णतेमुळे, आणि ती वजनावर ठरते. पातळ पोकळ सळ्या दोन्हीकडून वाया. बीड हवे असेल तर तेल लावून ठेवण्याची तयारी पाहिजे.

बोल्ट सोडवताना घाई केली तर ते तुटतात. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट आणि वर पावसाचे पाणी, म्हणजे विद्युत-रासायनिक गंज ठरलेला. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडावे, भोवतीचे ॲल्युमिनियम हीट गनने तापवावे आणि पाना पुढे-मागे हलवत फिरवावा. नवा बोल्ट बसवताना आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावावी. आटे इंची असतात: पाव इंची, इंचाला वीस फेऱ्यांचा बोल्ट ६.३५ मिमीचा असतो, त्यामुळे जवळचा म्हणून एम-६ (६ मिमीचा मेट्रिक बोल्ट) घातला तर तो ढिला बसतो.

सगळे जुळवल्यावर पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण निम्मे-निम्मे करून प्रत्येक जोडावर लावावे, टाकी उघडावी, नॉब बंद ठेवावेत. बुडबुडा फुगला तर जोड पुन्हा बसवावा. निमुळत्या तोंडाच्या फ्लेअर जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिथे धातूवर धातू बसूनच गळती थांबते.

अमेरिकेत राहून परत येताना हे ग्रिल सामानात भारतात आणायचा बेत असेल तर अमेरिकी रेग्युलेटर तिकडेच सोडावा, आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वेगळा आहे. घरगुती भारतीय रेग्युलेटरचा दाब सुमारे ३० मिलिबार, अमेरिकी ग्रिलचा सुमारे २७, म्हणजे फरक थोडा. पण आपल्या एलपीजीत ब्युटेनही असते, त्याला हवा जास्त लागते आणि ज्योतीची टोके पिवळी होतात. बर्नरच्या तोंडाशी हवेची झडप असेल तर ती थोडी जास्त उघडावी, जेटला हात लावू नये. हॉटेलांतल्या मोठ्या सिलिंडरवरचा, दाब वाढवता येणारा रेग्युलेटर तर या ग्रिलला कधीच जोडू नये. त्याचे व्हॉल्व्ह त्या दाबासाठी बनवलेलेच नाहीत.